कुंपणावरचा उजेड: मागची बाग, बुश आणि माझी चालू सिरीज

मंडळी, माझी छोट्या चित्रांची सिरीज आता रुळावर आलीये. विषय एकच ठेवलाय, घरामागची बाग, तिच्या शेवटी लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे लगेच सुरू होणारं बुश, म्हणजे इथलं नैसर्गिक रान. सिडनीच्या उत्तरेकडच्या सबर्ब्जमध्ये अशी घरं खूप आहेत, पुढे रस्ता आणि शेजाऱ्यांच्या कॅमेलिया, मागे दार उघडलं की दरीत उतरणारी गम ट्रीज (युकॅलिप्टसची झाडं) थेट कुरिंगाय चेस नॅशनल पार्कपर्यंत. साइज ठरवून ९ बाय ५ इंच घेतली. १८८९ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नला टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स कॉन्डर वगैरे चित्रकार मंडळींनी जे प्रदर्शन भरवलं होतं त्यातली बरीचशी चित्रं सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर होती, त्याच मापाची. एवढ्या छोट्या पॅनेलवर डिटेल करायला जागाच नसते, उजेड कुठे आणि सावली कुठे हे ठरवलं की अर्धं चित्र झालं, आणि मला नेमकं तेच हवंय.

कारण या सिरीजचा खरा विषय झाडं नाहीत, उजेडाची रेघ आहे. ती कुंपणाच्या आसपास असते आणि वर्षभर सरकत राहते.

जरा नीट सांगते. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य पूर्वेकडून उगवून उत्तरेकडून फिरत पश्चिमेला जातो. माझी बाग घराच्या दक्षिणेला आहे. जूनमध्ये सिडनीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर असतो, म्हणजे घराची उंची पाच मीटर धरली तर त्याची सावली मागे जवळजवळ आठ मीटर पडते. त्यामुळे हिवाळ्यात माझी सगळी बाग निळ्या सावलीत बुडालेली आणि कुंपणापलीकडचं बुश मात्र सोन्यासारखं उजळलेलं, दिवसभर. डिसेंबरमध्ये हाच सूर्य ७९ अंशांच्या वर जातो, तीच सावली मीटरभरसुद्धा धड उरत नाही, बाग पांढरी पडते. शिवाय उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, त्यामुळे सकाळी लवकर ऊन बुशच्या मागून डावीकडून येतं आणि झाडं काळी दिसतात, फक्त त्यांच्या कडा पेटलेल्या. म्हणजे सहा महिन्यांत चित्र पूर्ण उलटं होतं, जे उजेडात होतं ते अंधारात जातं, आणि त्यासाठी मला एक पाऊलही हलावं लागत नाही, त्याच पायरीवर बसायचं.

पेंटिंगची जी पुस्तकं आपण वाचतो ती बहुतेक युरोप-अमेरिकेतली, त्यात स्टुडिओसाठी उत्तरेची खिडकी घ्या असं असतं. इथे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येतं. स्थिर, गार उजेड हवा असेल तर दक्षिणेची खिडकी. इथे नवीन आलेल्यांनी हे लक्षात ठेवा, टेबल लावताना कामाला येतं.

जूनची पॅनेल्स झालीयेत आणि मला ती मनापासून आवडलीयेत. प्लायवर जेसोचे (रंगाआधी लावायचा पांढरा थर) दोन हात, त्यावर बर्न्ट सिएना पातळ करून पूर्ण पॅनेल रंगवलं, वाळल्यावर गुआश, म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर. सावलीतली बाग काळ्याने न करता अल्ट्रामरीन, थोडा लाइट रेड आणि अगदी कणभर व्हाइट अशी केली, म्हणजे ती अंधारी दिसते पण मेलेली दिसत नाही, त्यात जास्वंदीची कुंडी, कपड्यांची दोरी, लिंबाचं झाड सगळं नुसत्या आकारातून कळतं. वरचा एक तृतीयांश भाग उजळ. मधे कुंपणाची एक थंड राखाडी पट्टी. सिएना जागोजागी मुद्दाम मोकळी सोडली, कारण इथली जमीन, दगड, वाळलेली साल सगळ्यात तो तांबूस रंग आहेच, इथल्या हॉक्सबरी सँडस्टोन खडकात लोह असतं आणि ते गंजून खडकावर केशरी-तपकिरी पट्टे उमटतात. हिरव्याच्या फटींतून तो रंग डोकावला की चित्र आपोआप इथलं वाटायला लागतं.

आता हिरव्याबद्दल, ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

आईला व्हिडिओ कॉलवर पॅनेल्स दाखवली तर ती म्हणाली, "अगं, तिकडे पाऊस नाही का झाला? झाडं कशी धुळकट दिसतायत." तिचं बरोबर आहे. आपला डोळा कोल्हापूर-कोकणातल्या श्रावणातल्या हिरव्यावर तयार झालेला असतो, भातखाचरांचा तो पिवळसर ओला हिरवा. गमच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे ते निळसर राखाडी दिसतं. माझ्या बागेत कढीपत्ता आणि लिंबू आहेत, त्यांची पानं चकचकीत, आकाशाचा पांढरा उजेड त्यावर चमकतो. त्याच्या मागे दहा पावलांवर गम ट्री उभी, तिच्यावर काहीच चमकत नाही. दोन हिरवे शेजारी-शेजारी ठेवले की फरक ओरडून सांगतो, आणि बाग कुठे संपते ते कुंपण न काढताही कळतं.

माझी मिश्रणं लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. बागेतल्या हिरव्यासाठी लेमन यलो आणि अल्ट्रामरीन, सरळ. गमच्या पानांसाठी आयव्हरी ब्लॅक आणि लेमन यलो, ह्यातून सुंदर ऑलिव्ह निघतो, मग त्यात व्हाइट आणि थोडा निळा. लांबच्या झाडांना यलो ऑकर, अल्ट्रामरीन आणि चिमूटभर मॅजेन्टा. उन्हातल्या पानांना हिरव्यात पिवळा वाढवण्याऐवजी पांढरा आणि थोडा गुलाबी घालते. कोवळी पालवी इथे हिरवी नसतेच, तांबडी असते, तर फांद्यांच्या टोकांना लाइट रेडचे दोन-चार ठिपके हवेतच. तयार ट्यूबही मिळतात, मॅटिस कंपनीच्या ॲक्रिलिक्समध्ये ऑस्ट्रेलियन ब्लू गम आणि ऑस्ट्रेलियन घोस्ट गम अशी नावंच आहेत, आर्ट स्पेक्ट्रमच्या ऑइल्समध्ये ऑस्ट्रेलियन लीफ ग्रीन आहे. चांगले रंग आहेत, पण हाताने मिसळलेला राखाडी हिरवा दर पॅनेलमध्ये थोडा वेगळा होतो आणि ती विविधता बुशमध्ये खरंच आहे.

झाड काढण्याची पद्धत पण बदलली. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आपण झाड शिकलो ते आंबा-वड डोळ्यासमोर ठेवून, आधी मोठा घुमट, त्याला एक उजेडाची बाजू एक सावलीची, खाली खोड. गमची पानं खाली लोंबतात, उन्हाला पाठ वळवल्यासारखी, त्यामुळे ऊन वरून आरपार खाली येतं आणि झाडाखाली गडद सावली पडतच नाही, ठिपके पडतात. घुमट नसतोच. म्हणून मी आधी आकाश रंगवते, मग खोड आणि सगळ्या फांद्या पूर्ण, आणि पानांचे झुबके सगळ्यात शेवटी, फक्त फांद्यांच्या टोकांना. झुबक्यांच्या मधून आकाश दिसलंच पाहिजे.

बुशमधलं माझं सगळ्यात लाडकं झाड अँगोफोरा, सिडनी रेड गम. वसंताच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची जुनी करडी साल गळून पडते आणि आतून नवीन साल येते ती अक्षरशः नारंगी-गुलाबी. काही महिन्यांत ती हळूहळू राखी गुलाबी होते. कुंपणापलीकडे एक आहे त्याची मुळं सँडस्टोनवर पसरलीयेत, शेगडीवरून उतू गेलेल्या दुधासारखी, खडकाच्या कडेवरून खाली आणि तिथेच घट्ट. नोव्हेंबरची पॅनेल्स मी पूर्ण त्याच्यासाठी राखून ठेवलीयेत कारण त्याच सुमाराला शेजारचा जॅकरांडा जांभळा झालेला असतो, म्हणजे कुंपणाच्या अलीकडे जांभळा सडा आणि पलीकडे नारंगी खोड, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. हा योग वर्षात फार थोडे दिवस असतो. खोडाचा रंग यलो ऑकर, लाइट रेड आणि व्हाइट, सावलीची बाजू निळसर जांभळी, आणि दोन्हीच्या मधे कडा मऊ ठेवायची, खोड गुळगुळीत आहे ना.

त्याच्याशेजारी स्क्रिब्ली गम आहे, पांढऱ्या खोडावर पेन्सिलने गिचमीड केल्यासारख्या रेघा. एका पतंगाच्या अळ्या सालीच्या आत बोगदे करतात, वरची साल पडली की त्या रेघा दिसतात. हे मी ब्रशने करत नाही, ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडते.

ह्या भागातल्या जुन्या चित्रकारांचं काम बघणं चालूच आहे. ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ इथे टुरामराला राहायची, वडिलांनी बागेतच तिला छोटा स्टुडिओ बांधून दिला होता आणि ती आयुष्यातली कितीतरी दशकं त्याच घरात राहून रंगवत राहिली. तिचं १९५४ चं व्हरांड्याच्या दारांचं इंटिरियर बघा, रंगाचे छोटे चौकोनी फटकारे एकमेकांशेजारी ठेवलेत, घोटलेले नाहीत, आणि त्यामुळे खोलीत बाहेरचं ऊन शिरल्यासारखं वाटतं. ही गोष्ट मी थेट उचलली, सावलीतल्या बागेत आता मी रंग घोटत नाही, ठेवते आणि सोडते. मार्गारेट प्रेस्टन १९३२ पासून काही वर्षं बरोराला राहायला आली होती, बुशच्या अगदी कडेला, आणि बँक्सियासारखी इथली फुलं जाड काळ्या रेघेत बांधून तिने जी वुडकट्स केली आहेत ती पाहिल्यावर बँक्सिया सेराटाची करवतीसारखी पानं कशी बसवायची ते कळतं.

पण सगळ्यात जास्त उपयोग फ्रेड विल्यम्स या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचा झाला. बुशमध्ये नजर ठरेल अशी एक जागा नसते, देऊळ नाही, घाट नाही, वाट नाही, सगळीकडे सारखंच दाट. त्याने १९६० च्या दशकात मेलबर्नजवळच्या यू यांग्ज टेकड्यांच्या चित्रांत क्षितिज जवळजवळ वर नेऊन ठेवलं किंवा काढूनच टाकलं आणि झाडं म्हणजे रंगाचे ठिपके, पण प्रत्येक ठिपका विचार करून ठेवलेला. मी माझ्या पॅनेल्समध्ये बुशला फोकल पॉइंट देतच नाही. नजर ठरायला कुंपण आहे, बाग आहे. बुशने फक्त पसरायचं. कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या काठावर राहून चित्रकार आबालाल रहिमान यांनी त्याच तळ्याची चित्रं परत परत केली, त्यांच्याकडून एक जागा न सोडण्याचं बळ घेतलं आणि विल्यम्सकडून बुश बघण्याची रीत, असं माझं चाललंय.

जळालेल्या पट्ट्याबद्दल पण लिहायचंय. मागच्या उतारावर थंडीच्या आधी ठरवून आग लावली होती, उन्हाळ्यातल्या वणव्याचा धोका कमी करण्यासाठी इथे तसं करतात. सगळं काळं झालं. पण युकॅलिप्टसच्या सालीखाली सुप्त डोळे असतात, काही आठवड्यांतच काळ्या खोडावर खालपासून वरपर्यंत हिरवे झुबके फुटले, आणि ती पानं मोठ्या झाडाच्या पानांपेक्षा गोल आणि निळसर. ग्रास ट्रीजनी तर काळ्या बुंध्यातून नव्या पात्यांचा फवाराच काढला. जॉन वोल्सली नावाचा चित्रकार जळक्या झाडांवर कागद घासून कोळशाच्या खुणा घेतो, मी पण मोठा कागद घेऊन जळक्या फांद्यांमधून फिरवला आणि जे ओरखडे आले ते तसेच ठेवले. त्यावर कोळसा पुसू नये म्हणून फिक्सेटिव्ह मारून मग फक्त गुआशचे हिरवे झुबके. ह्यात मी जवळजवळ काही रंगवलेलंच नाही आणि तरी त्या उताराशी इतकं इमानदार दुसरं काही माझ्याकडे नाहीये. भिंतीवर लावलंय.

सामानाचं थोडक्यात. उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, त्यामुळे डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर, रंग दिवसभर टिकतात. गुआश वाळल्यावर गडद रंग फिके होतात आणि फिके जरा गडद, म्हणून आधी एका पट्टीवर टेस्ट. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका, त्या वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात, मी पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाकते. कुंपणापलीकडे जाताना लांब मोजे आणि आल्यावर अंगावर टिक्स (गोचिडी) आहेत का ते तपासणं, हे न चुकता.

पुढचा टप्पा डिसेंबरच्या सकाळचा. मागून येणारं ऊन, काळी झाडं, पेटलेल्या कडा, आणि बाग अजून गार. त्यासाठी ग्राउंड, म्हणजे पॅनेलवरचा पहिला रंग, बदलणार आहे, सिएनाऐवजी फिका लेमन-ऑकर, म्हणजे कडांना उजेड रंगवावा लागणार नाही, न रंगवता सोडायचा. झाडं वरून गडद भरत यायची आणि फटी राखायच्या, वॉटरकलरसारखं उलट्या बाजूने. ते जमलं की जूनचं आणि डिसेंबरचं एकेक पॅनेल निवडून दोन्ही मोठ्या कॅनव्हासवर ऑइलमध्ये करायचे आहेत, शेजारी-शेजारी टांगता येतील असे, कुंपणाची रेघ दोन्हीत एकाच उंचीवर. तुमच्यापैकी कुणी हलक्या ग्राउंडवर बॅकलाइट केलं असेल तर कोणता रंग वापरला ते नक्की सांगा, पॅनेल्सना जेसो लावून झालंय, वरचा रंग अजून लावायचाय.