परवाच सीटी स्कॅन झालाय, मग परत कशाला?

पिशवीतून सीटीचं भलंमोठं पाकीट निघतं, टेबलावर ठेवलं जातं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘मॅडम, परवाच तर काढलाय. लाईट द्यायच्या आधी परत कशाला?’ नाशकात रेडिएशन विभागात, म्हणजे कॅन्सरवर किरणांची ‘लाईट’ देतात तिथे, टेक्निशियन आहे मी; फुप्फुसाचा पेशंट आला की हे ठरलेलंच. खर्च दिसतो ना, विचारणारच माणूस.

पहिला सीटी आजार शोधायला होता. ते टेबल पन्हाळीसारखं खोलगट, शिवाय ‘श्वास रोखा’ म्हणून काढलेला. लाईटच्या मशीनचं टेबल मात्र पाटासारखं सपाट, आणि उपचार बरेचदा सहा आठवडे, दर वेळी अगदी तसंच झोपायचं. म्हणून आमचा सीटी सपाट पाटावर, हात डोक्यावर घेऊन. पाठीखालच्या गादीतली हवा ओढली की ती अंगाच्या आकारात घट्ट होते. लेझरच्या रेघा अंगावर पडतात तिथे खुणा करतो. (त्या साबणाने घासून येणारे भेटतातच. नका हो घासू!)

सीटी म्हणजे नुसता फोटोही नाही. प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो : पाणी 0, हवा उणे 1000. फुप्फुसात हवाच जास्त, तिथे किरणं मांसातल्यासारखी वागत नाहीत. कुठे किती डोस पोचेल याचा हिशेब कॉम्प्युटर या आकड्यांवरून मांडतो.

पण खरी अडचण श्वासाची. खालच्या भागातली, छाती-पोटामधल्या पडद्याजवळची गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटीमीटरही सरकते. निफाडच्या एका द्राक्षवाल्या काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘वाऱ्यात घड हलतो तसंच की. निम्मा फवारा वाया.’ वाया गेला तर एक वेळ परवडलं. इथे तो चांगल्या फुप्फुसावर बसतो. म्हणून पोटावर छोटी डबी ठेवतो, कॅमेरा तिची हालचाल टिपतो आणि एका श्वासाचे साधारण 10 तुकडे करून प्रत्येकात गाठ कुठे आहे ते बघतो. मग डॉक्टर गाठीचा सगळा फेरा आखतात. हृदय, अन्ननलिका, मज्जारज्जू वेगळे आखतात. सीटीनंतर काही दिवस थांबावं लागतं ते यासाठी.

त्याच काकांना आत घेतलं. स्क्रीनवर श्वासाची लाट छान वरखाली चाललेली, आणि एकदम सपाट रेघ. मी माइकवरून ओरडले, ‘काका, श्वास घ्या!’

‘घेऊ का? परवाच्या बाईंनी रोखायला सांगितलं होतं.’

सगळं पहिल्यापासून.