वडिलांच्या जमिनीची वारस नोंद: कागद कुठे अडतो

खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यायची, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. मी ही नोंद करून घेतली, त्यात अर्ज भरणं सगळ्यात सोपं. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर तो घरबसल्या होतो. खरी मेहनत त्याआधीची.

आधी ८अ, म्हणजे खात्याचा उतारा काढा. वडिलांच्या नावे त्या गावात कोणकोणते गट आहेत ते एकत्र कळतं. दुसऱ्या गावात जमीन असेल तर तिथला ८अ वेगळा आणि अर्जही वेगळा. मग मृत्यू दाखला, आधार आणि सातबारा शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. सातबाऱ्यावर ‘पांडू’ आणि दाखल्यावर ‘पांडुरंग’ असेल तर काम तिथेच अडतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडलेलं बरं.

वारसांच्या शपथपत्रात सासरी गेलेल्या बहिणींचीही नावं हवीतच. ‘त्यांना कशाला घालता, पुढे कटकट होईल’ असा सल्ला गावात फुकट मिळतो. कटकट उलट नाव गाळल्यानेच होते: त्यांची हरकत आली की प्रकरण ६अ च्या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावण्या सुरू. बहिणीला खुशीने हक्क सोडायचा असेल, तर नाव लागल्यावर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवावं. नुसत्या नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) होत नाही. वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असेल तर त्याच्या नावापुढे पालनकर्त्याचं नाव येतं.

अर्ज गेला की ६क या वारस नोंदवहीत नोंद, मंडळ अधिकाऱ्यांची चौकशी, मग फेरफार आणि हितसंबंधितांना नोटीस. हरकतीला १५ दिवस. इथे रखडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुण्या-मुंबईतल्या भावाला नोटीस पोहोचल्याची पोहोच नसणं. पत्ता पिनकोडसह द्या, मोबाइल नंबरही. फेरफार प्रमाणित झाला की १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि प्रत्येक नाव वाचा. लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते. त्याच गावचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात. दोन्ही सरकारी, तरी एकीकडचा दाखला दुसरीकडे माणसानेच पोहोचवायचा! २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. चांगलं काम, पण मोहीम कशाला लागावी? मृत्यू नोंदला गेला की तलाठ्याच्या संगणकावर नाव आपोआप यायला हवं आणि नोटीस त्यानेच काढायला हवी. आज नोंद होईपर्यंत शेत कसणाऱ्या पोराला स्वतःच्या नावे पीककर्ज मिळत नाही, आणि अतिवृष्टीचा पंचनामा झाला तरी मदत मयत बापाच्या नावावर अडून राहते.