कॅमेऱ्याशिवाय हालचाल ओळखताना

साताऱ्याच्या घरी आई एकटी राहते. सकाळी ती उठून वावरू लागली की नाही, एवढेच मला पुण्यात बसून कळायला हवे होते. परंतु कॅमेऱ्याचा विषय काढताच, "अरे, माझ्याच घरात माझ्यावर पहारा नको," असे ती म्हणाली आणि ते मला पटले. म्हणून घरात असलेल्या वाय-फायचाच उपयोग करायचे ठरवले.

राउटरचा सिग्नल भिंती, कपाटे, फरशी यांवर आदळून अनेक वाटांनी पोहोचतो. २.४ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, त्यामुळे माणूस एक पाऊल चालला तरी या वाटांची बेरीज बदलते. ईएसपी-३२ हा वाय-फाय असलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड प्रत्येक सबकॅरियरवरचा, म्हणजे वाय-फायच्या सिग्नलमधील प्रत्येक बारीक वारंवारतेवरचा, हा बदल वेगवेगळा दाखवतो. तो देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून राउटरला सेकंदाला १०० वेळा पिंग करायला, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर मागायला, लावला.

सुरुवातीला रिकाम्या घरातही आलेख उड्या मारत होता, कारण बोर्डातील रिसीव्हर आपला गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, स्वतःच कमी-जास्त करतो. प्रत्येक पॅकेटमधील (वाय-फायवरून येणाऱ्या एकेका संदेशातील) आकडे त्याच पॅकेटच्या सरासरीने भागल्यावर हा दोष बराच कमी झाला.

खरी झुंज छताच्या पंख्याशी झाली. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५ वेळा एखादे पाते त्याच जागेवरून जाते. सेकंदाला एक मीटर चालणारा माणूसही साधारण १६ हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला १६ वेळांपर्यंतचे, बदल घडवतो, त्यामुळे ठरावीक वारंवारता सरसकट गाळून टाकणे शक्य नव्हते. बरेच दिवस वारंवारतेचे आलेख पाहिल्यावर लक्षात आले की पंख्याचे शिखर बारीक आणि टोकदार उमटते, तर चालण्याचा ठसा पसरट आणि सरकता असतो. मग उंचीऐवजी पसरटपणावर मर्यादा बांधली आणि रेग्युलेटर फिरवला तरी ओळख टिकू लागली.

जपाला निश्चल बसलेली आई मात्र यंत्राच्या लेखी घरात नसतेच. त्यामुळे "घर रिकामे" असा निष्कर्ष मी काढूनच टाकला. फक्त शेवटची हालचाल किती वाजता झाली, ती वेळ माझ्या फोनवर येते. बाकी सारी नोंद साताऱ्यातच राहते, आणि बोर्डाच्या प्लगचे बटण आईच्या हाताशी आहे. पाहुणे आले की ती ते बंद करते.