डूम हवाय, टोनी नको

२६ एप्रिल २०१९, शुक्रवार. आमच्या कोल्हापुरात मंगळवारीच लोकसभेचं मतदान झालं होतं, त्यामुळे सकाळच्या शोला आलेल्या बहुतेकांच्या बोटावरची शाई अजून काळीकुट्ट होती. मार्व्हलच्या सुपरहिरोंचा ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’. मी आणि माझा धाकटा भाऊ, मधल्या रांगेत. शेवटाकडे टोनी स्टार्क गुडघ्यावर आलेला असतो, उजव्या हातावर ते सहा खडे चढलेले असतात, ‘मी आयर्न मॅन आहे’ म्हणतो आणि चुटकी वाजवतो. जग वाचतं, तो मात्र जातो. त्या क्षणी भावाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतून वळ उठला. मग त्याची बायको पेपर त्याला सांगते, आता तू निवांत हो. थिएटरमध्ये एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुढच्या रांगेतला कॉलेजचा एक पोरगा समोरच्या सीटला कपाळ टेकवून हुंदके देत होता आणि त्याचा मित्र नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

दिवे लागले तरी कुणी उठेना. मी त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, जूनमध्ये शाळांचे गणवेश. मशीनवर बसलं की हात कामात असतात आणि डोकं मोकळं असतं, त्यामुळे गेलं दीड वर्ष माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय: १८ डिसेंबर २०२६ ला ठरलेला ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’. भावाशी फोनवर रोजचा वाद तोच: त्यातला खलनायक डूम हा टोनीच निघणार की वेगळा माणूस. आता सगळं एकदा नीट लिहूनच काढते.

सुरुवात जुलै २०२४ ची. सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये स्टेजवर डॉक्टर डूमच्या हिरव्या झग्यातली, मुखवटे घातलेली माणसं रांगेने उभी होती. त्यातला मधला पुढे आला, त्याने मुखवटा काढला आणि तो टोनीचं काम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर निघाला. ‘नवा मुखवटा, काम तेच’ असं काहीसं तो म्हणाला आणि हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. आमच्याकडे रविवारची सकाळ होती. टोरांटोहून भावाचा व्हॉइस मेसेज आला, त्यात शब्द कमी आणि ओरडणंच जास्त. मी तो दोनदा ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला. अकरा वर्षं आपण ज्या माणसाला घडताना पाहिलं, ज्याला आपण रडून निरोप दिला, त्याचाच चेहरा आता खलनायकाला?

हा सिनेमा आधी कँग नावाच्या खलनायकाचा व्हायचा होता, नावही वेगळं होतं. ते सगळं बारगळलं आणि डॉक्टर डूम आला. इतपत मला मान्य आहे. माझी तक्रार डूम आला याची नाहीच. डूम कधी येतो याची मी वाट बघत होते.

ज्यांनी डूमचं नाव आत्ताच ऐकलंय त्यांच्यासाठी सांगते. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिकच्या पाचव्या अंकात त्याला आणलं. व्हिक्टर व्हॉन डूम, लॅटव्हेरिया नावाच्या छोट्या देशाचा राजा. जन्म मात्र भटक्या रोमा लोकांच्या तांड्यातला. आई जादूटोणा करणारी. ती मेली आणि तिचा आत्मा मेफिस्टो नावाच्या सैतानाच्या नरकात अडकला. पोरगा हुशार, इतका की शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेला. तिथे त्याने मेलेल्या आईशी बोलता यावं म्हणून एक यंत्र बांधलं. तिथेच शिकणाऱ्या रीड रिचर्ड्सने, म्हणजे पुढच्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या म्होरक्याने, त्याचे कागद पाहिले आणि सांगितलं, बाबा रे, तुझं गणित चुकलंय. व्हिक्टरने ऐकलं नाही. यंत्र फुटलं, तोंड भाजलं. तेव्हापासून तो मुखवट्याआड आहे आणि रीडला पाण्यात पाहतो. चूक माझी होती, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते याच माणसाला बघून म्हणावं.

१९८९ साली आलेली त्याची एक गोष्ट आहे, भावाने गेल्या दिवाळीला पुस्तक पाठवलं. डूम आईला सोडवायला डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराला घेऊन नरकात उतरतो. तिथे तो आईच्या बदल्यात स्ट्रेंजचा आत्मा मेफिस्टोला देऊन टाकतो. आईला हे कळतं तेव्हा ती पोराला झिडकारते, असल्या किमतीत मिळालेली सुटका मला नको म्हणते. आणि त्या नकारानेच ती पापातून मोकळी होते, वर जाते. डूमचा डाव हाच होता. आई सुटावी म्हणून त्याने आईचा तिरस्कार पत्करला आणि कुणालाही बोलला नाही. हे पान वाचताना मी मशीन बंद केली होती. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तिला म्हटलं, पाच मिनिटं बसा.

आता टोनी आठवा. त्याची गोष्ट बरोबर उलटी आहे. अफगाणिस्तानच्या त्या गुहेत त्याला स्वतःच्या कंपनीची शस्त्रं दिसली आणि त्याने चूक पदरात घेतली. पुढचं सगळं आयुष्य ती निस्तरण्यात गेलं, शेवटची चुटकीसुद्धा. एकाने चूक मानली आणि माणूस झाला. दुसऱ्याने मानली नाही आणि लोखंडात बंद झाला. असे दोघे एकाच नटाच्या चेहऱ्यात दाखवायचे असतील तर ती फार मोठी गोष्ट होऊ शकते, हे मी मनापासून म्हणते. पण अट एक. डूम हा डूमच हवा. त्याची आई, त्याचा तांडा, त्याचं लॅटव्हेरिया, त्याचं ते चुकलेलं गणित. ‘दुसऱ्या विश्वातला टोनी वाईट निघाला’ असं जर सांगितलं, तर डूमची गोष्ट गेलीच, आणि २०१९ ला घातलेली पक्की टीपही उसवली.

भावाचं म्हणणं याच्या उलट.

‘ताई, टोनीच असणार बघ. नाहीतर त्यालाच कशाला घेतील?’

‘अरे, नट म्हणून घेतलाय.’

‘आणि पीटर त्याला बघेल तेव्हा? ताई, त्या एका सीनसाठी मी पाच वेळा तिकीट काढीन.’

त्याचं सगळंच मला खोडता येत नाही. पीटर पार्करने, म्हणजे टोनीला बापासारखं मानणाऱ्या स्पायडर-मॅनने, तो चेहरा पाहिला तर काय होईल हा विचार माझ्याही मनात येतोच. पण चेहरा ओळखीचा आणि माणूस अनोळखी, यातच खरी भीती आहे. वरून वडलांसारखा दिसतो आणि आत तुझ्यासाठी काहीच नाही. तो आतूनही टोनीच निघाला तर मग नुसतं रडारड होईल.

कधी कधी तो हीथ लेजरचं उदाहरण देतो. २००६ साली बॅटमनच्या सिनेमातल्या जोकरसाठी त्याचं नाव आलं तेव्हा लोकांनी किती नाकं मुरडली होती आणि २००८ ला काय झालं! खरं आहे. पण तेव्हा शंका होती ती नटाला जमेल का याची. डाउनीला जमेल यात मला तिळमात्र शंका नाही. उलट गेल्या सतरा वर्षांत तो जे करतोय ते बघता, मुखवट्याआडून नुसत्या आवाजावर आणि मानेच्या वळणावर तो डूम उभा करील असं वाटतं. फक्त त्याला मुखवटा काढायला फार वेळा लावू नका. डूम तोंड लपवतो, तेच तर त्याचं दुखणं.

२६ मार्च २०२५ ची रात्रही सांगण्यासारखी आहे. ‘डूम्सडे’त कोण कोण आहे ते सांगायला मार्व्हलने लाइव्ह लावलं आणि दाखवलं काय, तर खुर्च्या. पाठीवर कापड, कापडावर नट-नटीचं नाव. कॅमेरा हळूच सरकणार, पुढची खुर्ची. पहिली ख्रिस हेम्सवर्थची. पाच तासांहून जास्त वेळ हे चाललं. इकडे घरात जेवणं उरकली, भांडी झाली, मी मोबाइल मशीनच्या डब्याला टेकवून काज-बटणं करत बसले. तिकडे भाऊ ऑफिसात, एका कानात इअरफोन. जुन्या एक्स-मेनमधल्या केल्सी ग्रॅमरचं नाव आलं तेव्हा आम्हाला उमगलं की एक्स-मेन येणार. मग पॅट्रिक स्टुअर्ट, इयान मॅकेलन, लागोपाठ. आमच्या टीव्हीवर हिंदीत डब केलेले ते जुने एक्स-मेन लागायचे तेव्हा भाऊ तिसरीत होता. चमचे बोटांत अडकवून वुल्व्हरीन व्हायचा. मध्यरात्र उलटून गेली, शेवटी डाउनी स्वतः आला आणि ओठावर बोट ठेवलं. एकूण सत्तावीस नावं. कुणी म्हणेल खुर्च्या बघायला पाच तास! पण दोन देशांत बसून भावाबरोबर इतका वेळ मी लग्नानंतर पहिल्यांदाच काढला.

तारीख तेव्हा १ मे २०२६ होती. महाराष्ट्र दिन, सुट्टी, शुक्रवार. भावाने एप्रिल-मेची रजा बोलून ठेवली होती. मग दोनच महिन्यांत तारीख डिसेंबरवर गेली. त्याचा त्या दिवशीचा आवाज ऐकवत नव्हता. मी त्याला म्हटलं, ब्लाउजसुद्धा घाईत शिवला की काखेत ओढतो, त्यांना वेळ घेऊ दे. ते मी त्याची समजूत काढायला म्हटलं, पण मला तसं वाटतंही. दिग्दर्शक पुन्हा रुसो बंधूच आहेत, ‘एंडगेम’ त्यांनीच केला, टोनीला निरोप त्यांनीच दिला. माझी सगळी भिस्त त्या दोघांवर आहे.

आणि २०२५ च्या डिसेंबरअखेरीपासून आठवड्याला एक असे चार टीझर आले. पहिल्यात स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे ‘एंडगेम’च्या शेवटी आपली ढाल सॅमकडे सोपवणारा कॅप्टन अमेरिका. मोटारसायकलवरून घरी येतो, जुना पोशाख हातात घेऊन बघतो, मग तान्ह्या बाळाला उचलतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. निम्मे रडले. निम्मे म्हणाले, ढाल सॅमला दिली होती ना, मग सॅमचं काय? मी दुसऱ्या बाजूची. बाळाला धरलेले ते हात बघून माझाही जीव कालवला, नाही म्हणत नाही. पण सॅमला त्या ढालीसाठी किती सोसावं लागलं ते आपण बघितलंय, त्याला कोपऱ्यात उभं करू नये. मला त्या चारांत सगळ्यात आवडला तो थॉरचा. तो बापाकडे ताकद मागतो, ती लढून लेकीकडे परत जाता यावं म्हणून. तो देव आहे, पण त्या क्षणी नुसता बाप वाटतो.

त्या चारांतल्या एकाही टीझरमध्ये डूम दिसला नाही हे मला फार बरं वाटलं. त्याला मी पाहिलाय तो जुलै २०२५ मध्ये, ‘फँटॅस्टिक फोर’ सिनेमाच्या श्रेयनामावलीच्या मधल्या तुकड्यात. रीडच्या छोट्या मुलापुढे, फ्रँकलिनपुढे, गुडघ्यावर बसलेला, आपल्याकडे पाठ, हातात मुखवटा. सगळे मुखवटा बघत होते, मी झगा बघत होते. जड कापड. खांद्यावरून उतरताना घडी मोडत नव्हती, जमिनीवर पसरलेला घेर नुसता लोळत नव्हता, बसत होता. सिनेमात असं कापड दिसतं तेव्हा त्यामागे कुणीतरी चार-पाच ताके बघून नाकारलेले असतात. तेवढ्यावरून मला धीर आलाय.

सिनेमा जवळ आला की एक प्रकार होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. प्रीमियरला बोलावलेली मंडळी आधी दोन ओळी लिहितात, सविस्तर परीक्षणांना परवानगी नंतर मिळते. त्या दोन ओळी बहुतेक वेळा गोडच असतात. २०२३ च्या ‘द फ्लॅश’चं असंच झालं, एप्रिलमध्ये आधी पाहिलेल्यांनी डोक्यावर घेतला, जूनमध्ये थिएटरं रिकामी. तेव्हा मी भावाला बळेच न्यायला लावलं होतं. म्हणून या वेळी आमचं ठरलंय: डिसेंबरचा पहिला आठवडा लागला की दोघांनी ग्रुप म्यूट करायचे, तो मला काही पाठवणार नाही, मी त्याला काही विचारणार नाही.

रजा त्याने पुन्हा टाकलीय. १५ डिसेंबरला मुंबईत उतरणार, रात्रीच्या गाडीने कोल्हापूर. परवा म्हणाला, ‘ताई, डूमचा झगा शिव. घालून येणार थिएटरात.’ मी म्हटलं, टोनीचा पक्ष घेतोस आणि झगा डूमचा? तो म्हणाला, तूच शिवणार म्हणून.

महाद्वार रोडला जाऊन कापड बघून आले. हिरव्यात सगळे पोपटी नाहीतर बाटलीसारखे गडद. मला शेवाळ्याच्या जवळचा हवा होता. तिसऱ्या दुकानात मिळाला, जरा लोकरीच्या अंगाचा, मोठ्या पन्ह्याचा. पाच मीटर घेतलं, टोपीला अस्तर वेगळं. भावाकडून खांद्यापासून घोट्यापर्यंतचं माप मागवलंय. छप्पन इंच पाठवलंय त्याने, पण बुटात घेतलं की अनवाणी ते लिहिलेलं नाही. उद्या विचारते.