एकवीस अंकी संख्या आणि नवाचा ताळा

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे समितीचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते; परंतु लिहायला बसल्यावर गणिताचे सर आणि नववीच्या एका ऑफ तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलेली १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या यांच्यापलीकडे काही सुचेना.

ही संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. ‘एकं, दहं, शतं’ म्हणत आम्ही परार्धापर्यंत पोहोचलो, तरी डावीकडे तीन अंक उरलेच. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली तिला मूळ संख्या म्हटले. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण तिचे अवयव त्यांना सापडले नव्हते. एवढे सांगून सर गप्प झाले आणि १९०३ साली न्यू यॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल यांनी केले म्हणतात तसे, चकार शब्द न काढता त्यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ एकाखाली एक मांडून खडू माझ्या हाती दिला.

गुणाकाराला जवळजवळ सगळा तास लागला. मग मी ऐटीत नवाचा ताळा घेतला, म्हणजे एक अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत गेलो. अंकांची बेरीज ३७ आणि ६४, म्हणजे दोन्हींचा ताळा १. माझ्या उत्तराची बेरीज १०९, तिचाही १. उत्तर मात्र चुकले होते, कारण शेवटी ९२७ ऐवजी मी २९७ लिहिले होते आणि अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज बदलत नाही. सरांनी न रागावता अकराचा ताळा घ्यायला लावला: उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, आणि शेवटी ११ ने भागून बाकी घ्यायची. यायला हवे होते ६, माझे आले ३. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागले की बाकी १ उरते, हेही त्यांनी जाता जाता सांगितले. कोल यांना हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले म्हणतात, तेही या आधारानंतर.

आज मी संगणकप्रणाली लिहिणाऱ्या एका विभागाचा प्रमुख आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक व्हरहूफ या डच गणितज्ञाच्या रीतीने काढलेला असतो आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्यास ती चूक त्यामुळे पकडली जाते, हे नव्या मुलांना समजावताना मी उदाहरण म्हणून २९७ च लिहितो. हे अवयव त्यांचा संगणक क्षणात काढतो, याचे मला कौतुक वाटते आणि थोडे वाईटही.

वर्गातला तो लाकडी फळा आता राहिला नाही, असे कळले. त्या दिवशी सरांनी कोपऱ्यात ‘पुसू नये’ असे लिहिले होते. तो गुणाकार शनिवारपर्यंत तसाच राहिला आणि भूगोलाच्या बाईंनी खाली उरलेल्या वीतभर जागेत कृष्णेचे खोरे काढले.