मी, वर्गातला शमशोन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि पहिलं काय आठवलं तर बायबलचा तास आणि माझं टोपणनाव, शमशोन, म्हणजे बायबलमधला तो अचाट ताकदीचा गडी. वर्गात सगळ्यात धिप्पाड मीच, बाकं हलवायची असली की हाक मला, आणि ते मला जाम आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे बायबलच्या शास्ते या पुस्तकातले शमशोनचे अध्याय पाठच होते. गाढवाच्या जबड्याच्या हाडाने हजार पलिष्टी, म्हणजे त्याच्या लोकांचे शत्रू, मारले, गज्जा शहराच्या वेशीचे दरवाजे खांबांसकट उपटून खांद्यावर टाकले नि हेब्रोनसमोरच्या डोंगरावर नेले, हे मी ॲक्शन करून सांगायचो. एकदा सरांनी मधेच विचारलं, अरे तुझ्या शमशोनने प्रार्थना किती वेळा केली? म्हटलं एकदा, शेवटी पलिष्ट्यांच्या देवळाचे खांब पाडताना. म्हणाले, परत वाच.

वाचलं तर दोन निघाल्या. एक 15 व्या अध्यायात, हजार माणसं मारून झाल्यावर तहानेने जीव जायची वेळ आली तेव्हा, आणि दुसरी 16 व्यात, पलिष्ट्यांच्या कैदेत, डोळे गेलेले, बेड्या पडलेल्या. अंगात जोर होता तेव्हाची एकही नाही! सर म्हणाले, बघ कधी कधी आठवण झाली त्याला, आणि फळा पुसायला लागले.

मी चिडलो, मग ताकद दिलीच कशाला देवाने? तर त्यांनी गिदोन काढला, त्याच पुस्तकातला, सैन्य घेऊन लढाईला निघालेला. 32,000 माणसं, त्यातले घाबरलेले 22,000 घरी, उरलेल्या 10,000 मधून देवाने ठेवले फक्त 300, आणि कारण सरळ लिहिलंय की नाहीतर हे म्हणतील आम्ही आमच्याच हाताने सुटलो. म्हणजे भांडण ताकदीशी नाहीच, क्रेडिट कोणाच्या नावावर टाकता त्याच्याशी आहे. राक्षसासारख्या गल्याथाशी लढणारा दावीद तरी कुठे नुसता हात जोडून उभा होता, गोफणीवर हात बसलेला, सिंह नि अस्वल आधीच मारलेले, पण शौल राजाला सांगताना म्हणतो परमेश्वराने सोडवलं. (अभ्यास न करता नुसती प्रार्थना करून पेपरला बसणाऱ्या आमच्या मंडळींनी दावीद नीट वाचलाच नव्हता, नावं घेत नाही.)

मागच्या वर्षी कमरेचं ऑपरेशन झालं, कूस बदलायलाही बायकोला उठवावं लागायचं. तिसऱ्या रात्री हात जोडले, किती वर्षांनी कोण जाणे, आणि एकदम 15 वा अध्याय आठवून असं हसू आलं की टाके दुखले. बायको दचकून उठली, काय झालं हो? म्हटलं काही नाही, सरांनी पकडलं.