आधी कोठार, मग गादी

जपानच्या दक्षिण टोकाकडच्या ओकिनावा बेटांवरच्या जुन्या र्‍यूक्यू राज्याचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, "एवढे राजे सोडून तुम्ही सारखे त्या बंदरावरच्या अधिकाऱ्याकडेच का वळता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. राजवाडा शुरीच्या टेकडीवर होता खरा, पण राज्य चालायचं ते खालच्या नाहा बंदराच्या जिवावर.

बेटं लहान, शेती बेताची, वादळं नेमाची. घरचा माल म्हणावा तर गंधक आणि घोडे. कमाई होती ती मधल्या व्यापाराची. मिंग बादशहांनी चिनी व्यापाऱ्यांना खासगी समुद्रव्यापाराची बंदी केली होती. र्‍यूक्यूच्या राजाला मात्र नजराणा घेऊन यायची मुभा होती. मग सयाम (आजचं थायलंड) आणि मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) इथून मिरी आणि पतंगाचं, म्हणजे लाल रंग देणारं, लाकूड आणून चीनला द्यायचं, आणि तिथलं रेशीम, चिनी मातीची भांडी जपानला नि दक्षिणेला पोचवायची.

यातली खरी गोम वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तरेचा वारा धरून जहाजं दक्षिणेला जात, उन्हाळ्यात परतत. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. एका वाऱ्यानं आलेला माल दुसऱ्या वाऱ्यापर्यंत पडून राहणार. तो सांभाळायचा कोणी? त्यासाठी बंदराच्या पाण्यातच एका बेटावर तटबंदीचं सरकारी कोठार होतं, ओमोनो गुसुकु. (आज ते अमेरिकी लष्कराच्या बंदराच्या हद्दीत आहे, उठून बघायला जाता येत नाही.) हे कोठार, परदेशी व्यापार आणि नाहा गावाचा कारभार ज्याच्या हाती, तो हा अधिकारी. पत्रं लिहिणारे, दुभाषे, जहाजं हाकणारे जाणकार मिळायचे ते शेजारच्या कुमे या चिनी वस्तीतून.

1459 मध्ये ही जागा कानेमारूला मिळाली. हा इझेना बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा. दुष्काळात याच्याच शेतात पाणी कसं, असा चोरीचा आळ आला म्हणून गाव सोडलेला. पुढे राजा शो ताइक्यूच्या मर्जीतला झाला. त्याच्या मुलाशी, शो तोकूशी, मात्र पटेना, तेव्हा काम सोडून निघून गेला. 1469 मध्ये शो तोकू वारला आणि 1470 मध्ये गादीवर बसला तो कानेमारूच, शो एन या नावानं! चीनला कळवलं, की मी मेलेल्या राजाचा मुलगा. हा 'मुलगा' बापापेक्षा पंचवीसएक वर्षांनी मोठा होता, पण मिंग दरबारानं मान्यता दिली.

बखर म्हणते, लोकांनीच त्याला बोलावून आणलं. असेलही. पण ती बखर 1650 मध्ये त्याच्याच वंशजांच्या दरबारी लिहिली गेली. मला विचाराल तर जहाजं, माल आणि कुमेची मंडळी इतकी वर्षं ज्यानं हाताळली, त्याला गादीसाठी फौजेची फारशी गरज पडली नसावी.

मलाक्क्यात चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, असत, असं तोमे पिरेश हा पोर्तुगीज लिहून गेला: गुजरात्यांचा वेगळा, चिनी आणि र्‍यूक्यूवाल्यांचा वेगळा. तिथे सत्ता वाटलेली होती. नाहा बंदरात ती एका हाती होती, आणि मला वाटतं, फरक तिथेच पडला.

कानेमारूचा वंश गादीवर 1879 पर्यंत टिकला. मधे 1609 मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा संस्थानानं राज्य जिंकलं. राजाला त्यांनी पकडून जपानला नेलं, पण 1611 मध्ये शुरीला परत येऊ दिलं. आपला अधिकारी पुढे नेमला तो मात्र नाहा बंदरात.